ड्युटी सांभाळून शिकताना

वरळीत पोदार रुग्णालयाच्या मागे सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. मुंबईकर त्याला 'अभ्यास गल्ली' म्हणूनच ओळखतात. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सगळं कुटुंब राहायचं, तिथं पुस्तक उघडून बसायला कोपरा मिळायचा नाही. म्हणून मुलं रस्त्याच्या दिव्याखाली येऊन बसायची. या गल्लीचं कौतुक आजवर पुष्कळ झालं आणि ते योग्यच आहे. पण ती भरलेली असायची याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. शिकायची तयारी होती, प्रवेश मिळाला होता, फीही भरली होती. नव्हती ती बसायला जागा आणि हातात वेळ.

दिवसभर काम करून एखादा ट्रेड शिकणाऱ्या मोठ्या माणसाचं आजही हेच होतं. तीस-पस्तिशीतला मदतनीस वायरमन होऊ पाहतो, हॉस्पिटलमधली आया रुग्णसहायकाचा कोर्स करू पाहते, वेल्डरच्या हाताखाली दहा वर्षं काढलेल्याला सर्टिफिकेट हवं असतं. यांच्यासाठी योजना जाहीर होतात तेव्हा चर्चा होते ती जागांची आणि फीसवलतीची. प्रत्यक्षात या विद्यार्थ्याचं शिक्षण प्रवेशाच्या खिडकीवर अडत नाही. ते अडतं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा शिफ्ट बदलते, घरात आजारपण निघतं किंवा दोन प्रात्यक्षिकं बुडतात आणि ती भरून कशी काढायची हे कुणी सांगत नाही. त्याच्या वेळाची नीट आखणी करून देणं हीच त्याला खरी मदत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हे महाराष्ट्राला नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. ती रात्रीची होती, कारण दिवस कामात जायचा. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं १९११ पासून मुंबईच्या कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्यानंतरचा एक प्रयोग, जो आता फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

१९६७ साली मुंबईत, वरळीतच, देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. चालवायची जबाबदारी मुंबई शहर समाजशिक्षण समितीकडे होती आणि युनेस्कोचं साहाय्य होतं. नाव विद्यापीठाचं असलं तरी कामाची पद्धत अगदी उलटी होती. ठरलेला अभ्यासक्रम कामगारापुढे ठेवायचा नाही. आधी कामगार कुठं काम करतो, कुठं राहतो, त्याला नेमकं काय अडतं आणि कुठल्या वेळी तो मोकळा असतो हे पाहायचं, मग वर्ग आखायचा. कौशल्याच्या जोडीला त्या कामामागचं विज्ञान, हिशेब, आरोग्य, कामगार म्हणून असलेले हक्क हेही त्याच वर्गात शिकवायचं. पुढे देशभर अशी केंद्रं उघडली आणि २००० मध्ये त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं. आज ही संस्थानं केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. निरक्षर, थोडंसं शिकलेल्या आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या स्त्री-पुरुषांना ती आजही शिकवतात. आधी कामगाराचा दिवस समजून घ्यायचा आणि मग वेळापत्रक करायचं, हा त्या वेळचा क्रम मात्र आपल्या बहुतेक संस्थांनी उचलला नाही.

शिफ्टचंच घ्या. नोकरदारांसाठी वर्ग म्हटलं की संध्याकाळचा वर्ग, असं आपण गृहीत धरतो. ऑफिसातल्या माणसाला ते सोयीचं असतं. पण चाकण, वाळूज, सातपूर, अंबड इथल्या कारखान्यात फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा पाळ्या आलटून पालटून येतात. संध्याकाळी सातचा वर्ग असेल तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात हा विद्यार्थी मशिनवर उभा असतो. नाइटच्या आठवड्यात वर्गाला येतो, पण अर्धं लक्ष कंपनीच्या बसकडे असतं. म्हणजे तीन आठवड्यांतला एकच आठवडा त्याच्या धडपणे पदरात पडतो. यावर उपाय अवघड नाही. तोच धडा त्याच आठवड्यात दोनदा घ्यायचा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि विद्यार्थ्याला त्याच्या पाळीप्रमाणे कुठंही बसू द्यायचं. शिक्षकाचे तास थोडे वाढतील. पण बुडालेल्या हजेरीमुळे परीक्षेला बसू न शकणाऱ्यांची रांग कमी होईल. हजेरीची अट कडक असते आणि यंत्रावरच्या कामात ती असायलाही हवी. मग अट पाळता येईल असं वेळापत्रक देणं हेही संस्थेचंच काम ठरतं.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानं १९८९ पासून या प्रश्नाचा एक भाग सोडवला. स्वतः वाचून समजेल असं मराठी पुस्तक, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र. नववी-दहावीतच शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तर एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. एकेक विषय सवडीनं सोडवता येतो. ही सवड फार मोलाची आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी लग्नसराई, पेरणी, बाळंतपण हे सगळं अभ्यासाच्या मध्येच येणार आहे, त्याला 'यंदा नाही जमलं तर पुढच्या खेपेला' असं म्हणता आलं पाहिजे.

आता वर्गाच्या आत जाऊ. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला शिकवणं म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला शिकवणं नव्हे. समजा, बारा वर्षं बिल्डिंगची वायरिंग केलेला एक गडी इलेक्ट्रिशियनच्या वर्गात बसलाय. जिन्यातला दिवा खालूनही लागावा आणि वरूनही बंद व्हावा, हे काम तो बोलता बोलता करून देतो. फेज पहिल्या टू-वे स्विचच्या मधल्या टर्मिनलला, तिथून दोन वायरी वरच्या स्विचकडे, वरच्या स्विचच्या मधल्या टर्मिनलमधून दिव्याला आणि न्यूट्रल थेट. पण फळ्यावर त्याचीच आकृती काढायला सांगितली की हात थबकतो. पुढे वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये ओहमचा नियम आणि अपूर्णांक आले की तो मागच्या बाकावर सरकतो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून दिसेनासा होतो. शिक्षक जाणता असेल तर उलटीकडून सुरू करतो. आधी त्याच्याकडूनच बोर्डावर जोडणी करून घेतो, मग म्हणतो, "दादा, आता जे जोडलंत तेच कागदावर काढा. स्विच म्हणजे ही रेघ, दिवा म्हणजे हा गोल." पहिली आकृती जमली की पुढच्या चार त्याला अवघड जात नाहीत. गणिताचंही तसंच. २३० व्होल्टवर १००० वॉटचा गिझर किती अँपिअर घेईल, हा त्याच्या रोजच्या फ्यूजचा प्रश्न आहे. भागाकार करून उत्तर साडेचारच्या आत येतं हे दिसलं की सूत्राची भीती बरीच ओसरते.

या आधीच्या अनुभवाला कागदोपत्री किंमत मिळावी म्हणून पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत पूर्वअनुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. थोडक्यात ओळखवर्ग, मग हातातल्या कामाची परीक्षा आणि प्रमाणपत्र. सोय चांगली आहे. फक्त त्या प्रमाणपत्राच्या पुढची वाट, म्हणजे त्यावरून कुठल्या मोठ्या कोर्सला किती सूट मिळते, हे विद्यार्थ्याला समोर बसवून समजावून सांगणारं माणूस प्रत्येक केंद्रावर हवं.

पैशाचा मुद्दा फीपुरता नसतो. रोजंदारीवरचा माणूस वर्गाला आला की त्या दिवसाची मजुरी बुडते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हे ओळखलं गेलंय. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा १८ व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. रक्कम कमी की जास्त यावर वाद होऊ शकतो. पण शिकण्याच्या दिवसाचीही मजुरी असते, हे त्यात मान्य झालं, आणि हेच तत्त्व इतर अर्धवेळ अभ्यासक्रमांना लागू करायला हवं.

पगारी नोकराचं दुखणं रजेचं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९७४ मध्ये पगारी शिक्षणरजेचा करार, क्रमांक १४०, मंजूर केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. जर्मनीत बहुतेक राज्यांत कामगाराला शिक्षणासाठी वर्षाला साधारण पाच दिवस पगारी रजा कायद्यानं मिळते. आपल्याकडे परीक्षेच्या दिवशी सुपरवायझरला विनवावं लागतं, पाळी बदलून घ्यायला सहकाऱ्याचे पाय धरावे लागतात. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर कंपनीला दोन गोष्टी आजच करता येतील. वर्गाच्या दिवशी ओव्हरटाइमला बसवायचं नाही, आणि परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्या तारखांची रजा तेव्हाच मंजूर करायची. कसबी माणूस मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या कारखानदारांनी तर याला नाही म्हणूच नये.

बायकांचा दिवस आणखी वेगळा असतो. रात्री साडेनऊला सुटणारा वर्ग त्यांना चालत नाही, पहाटेचा तर मुळीच नाही. मुलं शाळेत गेल्यावर आणि नळाला पाणी यायच्या आत, म्हणजे दुपारी बारा ते तीन, हीच काय ती त्यांची मोकळी वेळ. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वर्ग आणि लहान मुलाला सोबत आणायची मुभा, एवढं मिळालं तरी वर्ग भरतात. याला फार पैसा लागत नाही. समाजमंदिर, महापालिकेच्या शाळेची रिकामी खोली, अंगणवाडीताईंशी थोडं बोलणं, इतक्यात ते होतं.

रात्रशाळांनी शिकवलेली आणखी एक गोष्ट पोटाची. कामावरून थेट आलेला विद्यार्थी उपाशी असतो. मुंबईत २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करणाऱ्या 'मासूम' संस्थेनं पुस्तकं आणि फिरत्या प्रयोगशाळेच्या जोडीला रोजच्या खाऊची सोय केली, ती याच कारणानं. तासाला बसायच्या आधी पोटात काही गेलं की डुलक्या थांबतात. अर्धवेळ कौशल्यवर्गांच्या खर्चात चहा-नाश्त्याची ओळ मात्र सहसा नसते.

येत्या हंगामात कुणी असा प्रवेश घेणार असेल तर पैसे भरण्याआधी काउंटरवर चार गोष्टी विचाराव्यात. प्रात्यक्षिकं कुठल्या वारी असतात? पाळी बदलली तर दुसऱ्या तुकडीत बसता येतं का? परीक्षाकेंद्र किती लांब आहे? आणि आजारपणात प्रात्यक्षिक बुडलं तर ते पुन्हा कधी आणि कुणाकडे करायचं? चौथ्याचं उत्तर तोंडी न घेता माहितीपत्रकावर किंवा पावतीच्या मागे लिहून घ्यावं. लिहून द्यायला तयार नसतील तर शेजारच्या संस्थेत चौकशी करून मगच पैसे भरावेत.