जान्हवीनंतरची तेजश्री

२०१३ च्या जुलैत झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली, तेव्हा तेजश्री प्रधान पंचविशीत होती. आधी ‘झेंडा’ चित्रपट झाला होता, ‘लेक लाडकी ह्या घरची’ ही मालिकाही झाली होती. घराघरांत पोचली ती मात्र जान्हवी म्हणून. सावत्र आईचा जाच सोसून एकदम सहा सासवांच्या घरात येऊन पडलेली मुलगी.

‘काहीही हं श्री!’ हे तिचं वाक्य आठवा. कागदावर त्यात काहीच नाही. तेजश्री ‘काहीही’ लाडिकपणे लांबवायची, त्यात लटका रागही असायचा आणि नवऱ्याचं कौतुकही. महाराष्ट्रभर त्याच्या नकला झाल्या.

पुढे मालिका ताणली गेली. जान्हवीचा स्मृतिभ्रंश झाला, मग संपता न संपणारं गरोदरपण आलं आणि त्यावर विनोदांचा पाऊस पडला. दोष कथानकाचा होता, थट्टा मात्र जान्हवीची झाली. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तसले प्रसंगही तिने मन लावून केले. जानेवारी २०१६ मध्ये मालिका संपली.

प्रशांत दामलेंबरोबर नाटक झालं, ‘ती सध्या काय करते’सारखा चित्रपटही झाला. पण तिचं सर्वांत पिकलेलं काम माझ्या मते ‘अग्गंबाई सासूबाई’तलं, २०१९ पासूनचं. विधवा सासूचं लग्न लावून देण्यासाठी सख्ख्या नवऱ्याविरुद्ध उभी राहणारी शुभ्रा. सासू झालेल्या निवेदिता सराफ बोलत असतात तेव्हा तेजश्रीकडे बघावं. ती आपल्या वाक्याची वाट बघत नसते, ती खरोखर ऐकत असते. रोज एक भाग द्यायच्या धबडग्यात हे टिकवणं फार अवघड.

२०२१ मध्ये पुढची मालिका आली, त्यात शुभ्रा उमा पेंढारकरने केली. ‘प्रेमाची गोष्ट’मधली मुक्ता तेजश्रीने २०२३ पासून रंगवली, २०२५ च्या जानेवारीत ती बाहेर पडली आणि स्वरदा ठिगळे आली. मालिकेत पात्र वाहिनीचं असतं. चेहरा बदलला तरी उद्याचा भाग जायलाच हवा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती झी मराठीवर परतली, ‘वीण दोघांतली ही तुटेना’मधली स्वानंदी होऊन, सुबोध भावेंसमोर. पस्तिशी ओलांडलेल्या अभिनेत्रीला आपल्या मालिका एरवी वहिनी नाहीतर आई करून टाकतात. तेजश्री अजून नायिका आहे.