केसपेपरवर नोकरीचा रकाना हवा

लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की तपासण्या सुरू होतात त्या सुनेपासून. वास्तविक वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारणही असतं. त्याची तपासणी झालीच, तर तंबाखू-दारूची चौकशी होते. दिवसभर तो काय हाताळतो, हे क्वचितच विचारलं जातं. हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी दिसलं. तिथल्या कारखान्यात डीबीसीपी हे पिकांच्या मुळांवरचे सूत्रकृमी मारणारं रसायन हाताळलं जाई. आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाही, हे कामगारांच्याच बोलण्यातून पुढे आलं. डॉ. डोनाल्ड व्हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वीर्य तपासलं. शुक्राणू नाममात्र उरलेले कामगार किमान तीन वर्षं त्या कामावर होते; ज्यांची संख्या चांगली होती, त्यांना तीन महिन्यांहून जास्त काळ झाला नव्हता. या रसायनाने प्राण्यांची वृषणं आक्रसतात, हे १९६१ मध्येच छापून आलं होतं.

यावर कुणी म्हणेल, ते जहाल विष होतं; साध्या कामाला तो न्याय कसा लावायचा? सरसकट लावू नयेच. भट्टीपुढे काम करणाऱ्या कितीतरी जणांना मुलं होतात. पण वृषणं शरीराबाहेर असतात ती दोन ते चार अंश थंड राहण्यासाठी, तेव्हा रोजची धग हा गौण मुद्दा नव्हे. शिसं, काही द्रावकं यांचंही तेच. अर्थात नोकरी हे एकमेव कारण नसतं. लठ्ठपणात पुरुषी संप्रेरकाचा काही भाग चरबीतच स्त्री-संप्रेरकात बदलतो. मधुमेह शुक्राणूंच्या डीएनएला आणि वीर्यस्खलन घडवणाऱ्या नसांना इजा करू शकतो. दुसरा आक्षेप मोजणीचा. जगभर शुक्राणू घटत असल्याच्या दाव्यावर वाद आहे, कारण जुन्या-नव्या प्रयोगशाळांच्या पद्धती सारख्या नव्हत्या. लॅथ्रॉपचा निष्कर्ष मात्र अशा सरासरीवर उभा नाही. एकाच कारखान्यात संपर्काचा काळ वाढला तशी संख्या घसरलेली दिसली.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आजचा अहवाल गेल्या तिमाहीचा असतो, आणि कामात बदल केल्यावर तीन महिन्यांनी फेरतपासणी करण्यात अर्थ असतो. डीबीसीपीपासून दूर गेल्यावर काहींची संख्या सुधारली. शून्यावर गेलेल्या अनेकांची सुधारली नाही. नोकरीची चौकशी पहिल्याच भेटीत व्हायला हवी, ती यासाठी.