पाळणा नंतर, आधी पिशवी

मागच्या जानेवारीतली गोष्ट. वर्ध्याच्या टोकाला असलेल्या आमच्या वस्तीतल्या एका सुनेला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. कसाबसा ऑटो मिळाला, दवाखाना गाठला आणि पहाटे मुलगी झाली. सिस्टरने विचारले, "बाळाचे कपडे कुठं आहेत?" सासू आणि नवरा एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. घरून काही आणले नव्हते, कारण घरात काही घेतलेलेच नव्हते. शेवटी मुलीला आईच्या नायलॉनच्या साडीत गुंडाळले. वजन भरले २ किलो १०० ग्रॅम. सकाळपर्यंत तिचे हातपाय गार पडले आणि तिला नवजात बालकांच्या कक्षात हलवावे लागले. पाच दिवसांनी मायलेकी सुखरूप घरी आल्या, पण त्या पाच दिवसांत घराच्या तोंडचे पाणी पळाले होते.

नंतर आम्ही महिला मंडळाच्या दोघी-तिघी भेटायला गेलो. कपडे का घेतले नव्हते, असे विचारले तर आजी म्हणाली, "आधी घेऊन ठेवत नाही माय, चांगलं नसते. पोटातल्याले नजर लागते." पाळण्यासाठी आणि नामकरणाच्या जेवणासाठी मात्र पैसे बाजूला काढलेले होते.

आम्ही आजीला दोष दिला नाही. पूर्वी लेकरे जगतील याचा भरवसा नसे. घेऊन ठेवलेले झबले पुन्हा पाहवत नसे, म्हणून आधी घ्यायचेच नाही, अशी रीत पडली असावी. बाबासाहेब आणि रमाईंच्या पाच लेकरांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली, एकटे यशवंतराव उरले. हे दुःख कुणाच्या नजरेने आले नव्हते, त्यामागे दारिद्र्य होते. हे जाणणाऱ्या बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून आवाज उठवला आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. विहारात आपण शुभ-अशुभ मानत नाही असे सांगतो. मग आठव्या महिन्यात बाळाची पिशवी भरून खुंटीला टांगायला काय हरकत आहे?

थंडी हा पहिला शत्रू

बाळ आईच्या पोटात ३७ अंशांच्या उबेत असते. बाहेर येते ते ओलेचिंब. अंगावरचे पाणी सुकताना अंगातली ऊब घेऊन जाते आणि बाळ काही मिनिटांत गार पडू लागते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी थोडी असते, ते अधिक लवकर गारठते. गारठलेले बाळ दूध ओढत नाही आणि दूध न मिळालेले बाळ आणखी गारठते. म्हणून पिशवीत सर्वांत आधी कापड लागते.

कापड सुतीच हवे. आपला जिल्हा कापसाचा, पण बाजारात बाळाचे कपडे नायलॉनचे आणि चमकीचे जास्त दिसतात. ते घाम शोषत नाहीत आणि टोचतात. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर त्याहून कितीतरी चांगले. एका साडीची आठेक दुपटी सहज निघतात. मात्र ती साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा. नवे कपडेही एकदा धुतल्याशिवाय घालू नका.

बाळासाठी एवढे पुरे :

- मोठे मऊ सुती टॉवेल किंवा पंचे २. एक पुसायला, दुसरा कोरडा गुंडाळायला. पुसलेला ओला पंचा लगेच काढून टाकायचा.
- पुढून बांधायची सुती झबली ५-६. बटणे आणि टिकल्या नकोत.
- टोपरी ३, पायमोजे ३ जोड. बाळाच्या डोक्यावाटे खूप ऊब जाते, म्हणून थंडीत टोपरे विसरू नका.
- दुपटी ८-१०, लंगोट १२-१५.
- हिवाळ्यात एक लोकरी शाल किंवा मऊ गोधडी.
- लहान मच्छरदाणी.
- काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर.
- हात धुण्यासाठी साबणाची नवी वडी.

दुपटी आणि लंगोट घरचेच धरले, तर बाकीचे सारे हजार-बाराशे रुपयांत बसते, असा आमच्या मंडळाचा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट विकत मिळत नाही, ती म्हणजे आईची छाती. बाळाला फक्त लंगोट आणि टोपरे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवायचे आणि वरून दोघांना कापडाने गुंडाळायचे. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८-७९ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहराच्या एका रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज ती जगभर वापरतात. आई थकली तर बापानेही बाळाला असे छातीशी घ्यावे. त्यात लाज कसली?

आईची पिशवी

बाळंतिणीची पिशवी वेगळी ठेवा. पुढून उघडणारे दोन गाऊन, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, दोन सुती साड्या किंवा ओढण्या, चादर, चप्पल, मग, ताट-पेला, फोनचा चार्जर. सोबत शेंगदाणे, गूळ, जवसाची चटणी, घरचे लाडू. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, डाळ-भाजी द्यायची नाही, ही जुनी समजूत सोडा. दूध येण्यासाठी तिला पोटभर जेवण आणि भरपूर पाणी लागते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या आहेत, त्याही पिशवीत टाका.

कागद विसरू नका

कपड्यांइतकेच कागद महत्त्वाचे. एका प्लास्टिकच्या पाकिटात माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, राशन कार्ड, सुनेच्या स्वतःच्या नावाचे बँक पासबुक, रक्तगट, सोनोग्राफी आणि सिकलसेल तपासणीचा कागद ठेवा.

सिकलसेलचे वेगळे सांगावे लागते, कारण विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. वाहक असणे हा आजार नव्हे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण आईला स्वतःला सिकलसेलचा आजार असेल, तर बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवे. दोघे वाहक असल्यास बाळाची तपासणी केव्हा करायची, हेही आधीच विचारून ठेवा.

जातीचा दाखला पाकिटात हवाच. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या आहेत. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या आईला सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. पैसे खात्यात येतात, म्हणून गरोदरपणाची नोंद लवकर करा. राज्य सरकारने २०१९ मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किटही सुरू केले. आपल्या भागात ते मिळते का, हे अंगणवाडीताईंना विचारा.

२०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हे सगळे मोफत आहे. आजारी बाळाचा उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहे. बाहेरून औषध आणायला सांगितले, तर हा हक्क शांतपणे पण ठामपणे मांडा. सेवाग्रामचे कस्तुरबा आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय संस्थांची आहेत. तिथे नाव घातले असेल, तर कशाचे पैसे लागतील आणि कोणती योजना लागू होईल, हे आठव्या महिन्यातच विचारून घ्या.

काय घेऊ नये

पैसे वाचतात ते इथे.

दुधाची बाटली नको. पावडरचा डबाही घरात आधी आणून ठेवू नका. बाटली नीट उकळणे आपल्या घरात रोज जमत नाही आणि जुलाब सुरू होतात. आईचे पहिले पिवळसर चिक दूध पहिल्या तासातच पाजा, ते पिळून टाकू नका. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नाही. घुटी, मध, गुळाचे पाणी, ग्राइप वॉटर यांतले काहीच नको. बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करायला देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, यावरून काय ते समजा.

काजळ नको, त्यात शिसे असू शकते. पावडर नको, ती श्वासातून फुप्फुसात जाते. नाळेला हळद, तेल, राख काहीही लावायचे नाही. ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. पहिली आंघोळ निदान २४ तास नको, आणि वजन कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, तिच्या धुराने आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

डायपरचे एक लहान पाकीट दवाखान्यापुरते घ्या. एक डायपर दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले, तर महिन्याचे दीड हजार होतात. एवढ्यात बाळंतिणीची डाळ, अंडी आणि दूध येते. वॉकर नको, त्यातून लेकरे पडतात. पाळणा हवाच असेल तर घ्या, पण फायनान्सचा हप्ता डोक्यावर घेऊन नको. वाचलेल्यातले दोन हजार रुपये घरात रोख ठेवा. रात्री-अपरात्री तेच कामी येतात.

घरी आल्यावर

बाळाच्या पोटाला आणि तळव्यांना हात लावून पाहा. दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक आहे. पोट गरम आणि तळवे गार असतील, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर धोका आहे. काखेतले तापमान साधारण ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. मे महिन्यात, वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा याच्या उलट करा : एक पातळ झबले पुरे, टोपरे-मोजे नकोत, कूलरचा झोत थेट बाळावर नको आणि दूध वारंवार पाजा.

बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग गार किंवा गरम लागले, मिनिटाला ६० हून जास्त श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळवे पिवळे झाले किंवा नाळेतून पू आला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जाताना बाळाला छातीशी उबेत ठेवा.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, वजन करू द्या. या भेटींचे मूळ आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. शिकलेली बाई, वजनकाटा, थर्मामीटर, ऊब आणि वेळेवर औषध, एवढ्यावर ते झाले.

विहारात एक पेटी

फिनलंड या थंड देशात १९३८ साली सरकारने गरीब आयांना बाळाच्या कपड्यांची आणि अंथरुणाची पेटी द्यायला सुरुवात केली. १९४९ पासून ती सर्व आयांना मिळू लागली. गरोदरपणात तपासणी करून घ्यायची, एवढी अट. ती रिकामी पेटीच बाळाचे पहिले अंथरूण होत असे.

त्या पहाटेनंतर आमच्या मंडळाने विहारातल्या कपाटात अशीच एक पेटी ठेवली आहे. दोन पंचे, झबली, टोपरी, मोजे, दुपटी, थर्मामीटर. जिच्या घरी काही नसेल तिने न्यावे, बाळ मोठे झाले की कपडे उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून परत ठेवावे. आता नामकरणाला जाताना आम्ही चमकीचा फ्रॉक नेत नाही. एक जोड बाळंतिणीला देतो आणि एक पेटीत टाकतो.

ती जानेवारीतली मुलगी आता रांगते. तिची पहिली टोपरी पेटीत आली, तेव्हा घेऊन आली ती आजीच. म्हणाली, "पुढच्या पोरीले कामी येईल."