हवा मोजता मोजता सापडलेला देव

हवामान वेधशाळेसाठी पाया खणायला घ्यावा आणि कुदळ थेट रोमन देवळावर आदळावी? फ्रान्सच्या मध्यभागी, क्लेरमाँ शहराजवळच्या प्वी द दोम या 1465 मीटर उंच, निद्रिस्त ज्वालामुखीच्या माथ्यावर 1870 च्या दशकात नेमकं हेच घडलं.

गंमत म्हणजे हवेसाठी माणसं हा डोंगर आधीही चढली होती. हवेला वजन असेल, तर उंचावर तिचा दाब कमी भरायला नको का? शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कलच्या या प्रश्नापायी त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए 19 सप्टेंबर 1648 ला काचेची नळी आणि पारा घेऊन वर गेला. नळीतला पारा खालच्यापेक्षा तब्बल 8 सेंटीमीटरने उतरला! पठ्ठ्याचा विश्वास बसेना. त्याने माथ्यावरच्या छोट्या चॅपेलच्या आडोशाला मोजलं, उघड्यावर मोजलं, वाऱ्यात मोजलं, पावसाधुक्यात मोजलं. त्याच माथ्यावर मातीखाली अख्खं देवस्थान होतं. ते उजेडात यायला आणखी सव्वादोनशे वर्षं जायची होती.

देऊळ कुणाचं? उत्तर दिलं 1874 मध्ये सापडलेल्या एका कांस्यपट्टीने. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरतात ना, तशीच ही! मातुतिनियुस व्हिक्तोरिनुस नावाच्या भाविकाने ‘मर्क्युरियुस डुमियास’ला ती वाहिली होती. मर्क्युरी म्हणजे व्यापाऱ्यांचा आणि वाटसरूंचा रोमन देव; इथले मूळ रहिवासी, गॉल लोक, सर्वाधिक त्यालाच भजतात, असं रोमन सेनानी सीझरने नोंदवलंय. ‘डुमियास’ मात्र या डोंगराचा. साम्राज्याच्या देवाला इथल्या मातीने आपलंसं करून टाकलं होतं!

हे देऊळ दुसऱ्या शतकातलं. उतारावर एकावर एक गच्च्या रचून बांधलेलं. आतून संगमरवराने मढवलेलं. आता सांगा, ज्वालामुखीत संगमरवर कुठून आला? दुरून आणून इथवर चढवला, दुसरं काय! आणि हे दुसरं देऊळ बरं का. माथ्यावर त्याच्याही आधीच्या, पहिल्या शतकातल्या देवळाच्या खुणा पुढे मिळाल्या. भाविकांची ये-जा इतकी, की खालच्या सेसा खिंडीत एक वस्तीच उभी राहिली होती.

रोमन लेखक थोरल्या प्लिनीने तर कमालच सांगून ठेवलीय. याच मुलखातल्या आर्वेर्नी लोकांसाठी झेनोडोरस नावाच्या मूर्तिकाराने दहा वर्षं खपून मर्क्युरीची महाकाय मूर्ती घडवली. खर्च 4 कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी! ती डोंगरावर होती की खालच्या शहरात, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. पण तिचा बोलबाला असा झाला, की सम्राट नीरोने त्याच कारागिराला रोमला बोलावून घेतलं. कशासाठी? स्वतःचा पुतळा करून घ्यायला.