झाकणाखालचा गाळ

मिरचीचे पैसे हातात आले की भिवापुरात जुन्या चारचाकीची बोलणी सुरू होतात. रंग पाहतात, टायर पाहतात, एसी लावून पाहतात. रेडिएटरचं झाकण फिरवणारे थोडेच. मागच्या फेब्रुवारीत भाच्याबरोबर अशीच एक गाडी पाहायला गेलो. इंजिन थंड होतं, म्हणून झाकण उघडलं. गरम इंजिनाचं कधीही उघडू नये, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत बोट फिरवलं तर बोटावर विटकरी चिखल. मालक म्हणाले, "काही नाही भाऊ, गंज आहे थोडासा. पाणी बदललं का झालं."

कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. ती संपली, किंवा कुणी वर्षानुवर्षं नुसतं बोअरचं पाणी भरत राहिलं, की इंजिनाचं बीड आतून गंजतं. शिवाय बोअरचं जड पाणी पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतं, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतं. त्यातला एक कण लिंबाच्या रसात टाकून बघा; फसफसला तर तो क्षारच. भिवापूरवरून नागभीडकडे नॅरोगेज धावायची. तसल्या गाड्यांच्या वाफेच्या इंजिनांचे बॉयलरही या थरापायीच पुन्हा पुन्हा धुवावे लागत.

थराचा त्रास थंडीत कळत नाही. नागपुरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा दुपारी, चार माणसं बसवून, एसी लावून उमरेडच्या रस्त्याला लागलात की काटा चढतो. म्हणून मे महिन्याचं दुखणं फेब्रुवारीतच शोधावं लागतं.

मला खरी काळजी गंजाची नव्हती. गंज धुता येतो, नाहीच निघाला तर रेडिएटर बदलता येतो. दोन वेगळ्या जातींची कूलंटं मिसळून कधी जेलीसारखा गोळा होतो, तोही बहुतेकदा धुऊन निघतो. (रंग सारखा म्हणजे जात सारखी, असं समजू नका.) भीती असते ती दुधाळ, कॉफीसारख्या चिकट गाळाची. तेल पाण्यात आल्याची ती खूण. बहुतेकदा हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटलेला असतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेलही रेडिएटरमधून येऊ शकतं.

मालकांना विचारून थोडं पाणी काचेच्या बाटलीत घेतलं आणि रात्रभर हलवलं नाही. गंज तळाशी बसतो, तेल वर येतं. सकाळी तळाशी बोटभर विटकरी गाळ होता, आणि वर, काचेला चिकटलेली, बदामी रंगाची तेलकट कड.

डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ होतं, म्हणून भाचा अडून बसला. पण तेल पाण्यात गेलं म्हणजे पाणीही तेलात यायलाच हवं, असं नाही. पुन्हा गेलो. थंड इंजिनाचं झाकण काढून गाडी सुरू केली. अडकलेली हवा निघून गेली की बुडबुडे थांबतात. इथे थांबेनात. मेकॅनिकनं त्याची निळ्या द्रावणाची नळी तोंडाशी धरली आणि निळं पाणी पिवळं पडलं. जळलेला वायू कूलंटमध्ये येत होता. मालकांचा चेहरा उतरला. त्यांनीही ती गाडी दुसऱ्याकडूनच घेतलेली.

व्यवहार मोडला. बाटली भाचा गटारात ओतायला निघाला, तेव्हा मी हात धरला. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. त्यानं बाटलीला घट्ट बूच लावलं, कागदावर 'विष' लिहून चिकटवलं आणि मेकॅनिककडच्या वापरलेल्या कूलंटच्या कॅनशेजारी ठेवून आला.