चार तारांची युक्ती : नाजूक स्फटिकाची रोधकता कशी मोजतात?



रोधकता = रोध × काटछेदी क्षेत्रफळ ÷ लांबी. या सूत्रावरची गणितं मुलं पटापट सोडवतात. पण 'तार' जर दोन-तीन मिलिमीटर लांब, केसासारखी बारीक आणि जरा दाबताच मोडणारी असेल तर?

टीटीएफ-टीसीएनक्यू हा असाच सेंद्रिय स्फटिक. यात चपटे रेणू नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले असतात. वीज चळतीच्या दिशेने सहज वाहते; आडव्या दिशेने शेकडो पटींनी कमी. म्हणून याला 'जवळजवळ एकमितीय' वाहक म्हणतात.

दोन तारा का चालत नाहीत?
समजा, स्फटिकाचा रोध १० ओहम आहे. तार जिथे चिकटवली त्या सांध्याचाही रोध तेवढाच किंवा जास्त असू शकतो. दोनच तारा लावल्या तर दोन्हींची बेरीज मोजली जाते. म्हणून चार तारा लावतात. बाहेरच्या दोन तारांतून धारा सोडायची, आतल्या दोन तारांमधले विभवांतर मोजायचे. व्होल्टमीटरमधून धारा जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्या सांध्यांचा रोध आड येत नाही. ०.१ मिलिअँपिअर धारेला १ मिलिव्होल्ट मिळाले, की रोध १० ओहम.

नाजूकपणाचं काय?
सोल्डरिंग केलं तर उष्णतेने स्फटिक खराब होतो. म्हणून सोन्याच्या अतिबारीक तारा चांदीच्या पेस्टने चिकटवतात. तार लवचीक हवी, नाहीतर थंड होताना आकुंचनाने स्फटिक ताणला जातो. तापमान सावकाश उतरवतात. मध्येच रोधाने अचानक उडी मारली, तर बहुधा तडा गेला असं समजायचं. धाराही कमी ठेवतात, नाहीतर स्फटिक तापतो.

आकडा फसवतो तेव्हा
१९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने ६० केल्विनच्या आसपास काही मोजक्या स्फटिकांत वाहकता शेकडो पटींनी वाढल्याचं जाहीर केलं. मोठी खळबळ उडाली. इतरांना मात्र साधारण दहा-वीस पटच वाढ दिसत होती. पुढे एक कारण पुढे आलं. धारेचा सांधा स्फटिकाच्या एकाच कडेला असेल, तर धारा त्या बाजूच्या चळतींतूनच वाहते. व्होल्टमीटरच्या तारा दुसऱ्या बाजूला असतील, तर विभवांतर फारच कमी दिसतं आणि वाहकता अफाट वाटते!

यावर तपासणी सोपी आहे. एका टोकाच्या दोन तारांतून धारा सोडायची आणि दुसऱ्या टोकाच्या दोन तारांत विभवांतर पाहायचं. ते जवळजवळ शून्य हवं. नसेल, तर तो नमुना बाजूला ठेवायचा.

वर्गात नायक्रोमची तार घेऊन दोन आणि चार जोडण्यांनी रोध मोजून बघा. आणि मुलांना विचारा, "धारा नेमकी कुठून गेली?" सूत्रात आकडे घालण्याआधी हा प्रश्न पडायला हवा.