पांढरा शर्ट, काळा बिल्ला आणि आपले गैरसमज

पांढरा शर्ट, गडद पँट, टाय, छातीवर नावाचा काळा बिल्ला आणि सोबत अगदी तसाच दुसरा एक तरुण. टोकियोच्या स्टेशनबाहेर, तैपेईच्या सिग्नलला किंवा अमेरिकेतल्या एखाद्या वस्तीत ही जोडी परदेशी राहिलेल्या बऱ्याच मराठी माणसांनी पाहिलेली असते. बहुतेक जण नजर टाळून पुढे जातात. त्यात गैर काहीच नाही. रस्त्यात गाठून कुणी धर्माविषयी बोलायला लागलं, तर ते न ऐकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मग घरी आल्यावर या मुलांबद्दल जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. पगारी प्रचारक, चार बायकांच्या धर्माचे लोक, डोकं फिरवलेली पोरं, असं काय काय. ही मुलं जेमतेम अठरा ते पंचवीस वर्षांची असतात. आपल्या घरातली त्या वयाची मुलं डोळ्यांसमोर आणली, तर त्यांच्याबद्दल नीट माहिती करून घेणं हे मला आपलं कर्तव्य वाटतं.

आधी ओळख. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेल्या चर्चचे हे अनुयायी. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला. अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे लोकांनी पाडलेलं नाव असून ते वापरू नये, अशी विनंती चर्चने २०१८ मध्ये केली. वाचकांना ओळखीचं म्हणून मी इथे ते वापरतो आहे.

'चर्च यांना पगार देतं'

हा सगळ्यात पक्का बसलेला समज, आणि वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, जाणारा मुलगा किंवा मुलगी स्वतःचा खर्च स्वतः भरते. अमेरिकेसारख्या देशांतल्या मुलांसाठी ही रक्कम २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर आहे. मुलांची सेवा दोन वर्षांची असते, म्हणजे एकूण बारा हजार डॉलर झाले. मुलींची दीड वर्षाची. कुणी शाळेत असल्यापासून सुट्ट्यांत कामं करून पैसे साठवतो, कुणाचे आईवडील किंवा आजोबा भरतात. गरीब देशांतल्या मुलांनी जमेल तेवढं द्यायचं, उरलेला भार चर्चच्या निधीवर.

यातली एक व्यवस्था मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. १९९० पर्यंत ज्याला जो देश मिळेल, तिथला खरा खर्च त्याच्या घरावर पडायचा. जपान वाट्याला आलं की घरचे हवालदिल, आणि स्वस्त देश मिळाला तर सुटले. १९९१ पासून रक्कम सर्वांना सारखी झाली. ती एका सामायिक निधीत जाते आणि त्यातून जागेचं भाडं व जेवणखाण भागतं. मिशनऱ्याच्या हातात महिन्याला ठरावीक पैसे येतात, आणि किराणा त्यातच बसवायचा असतो.

'फिरायला मिळतं म्हणून जातात'

देश निवडायचा अधिकार अर्जदाराला नसतो. स्थानिक धर्मप्रमुखांची मुलाखत, डॉक्टरांचा दाखला, दातांच्या डॉक्टरांचाही दाखला, असं सगळं सॉल्ट लेक सिटीला जातं आणि काही आठवड्यांनी उत्तर येतं. पूर्वी टपालाने जाडजूड पाकीट यायचं, २०१८ पासून ते ऑनलाइन येतं. सगळं घर गोळा होऊन ते उघडतं. कुणाला फुकुओका मिळतं, कुणाला घाना, तर कुणाला शेजारचंच राज्य.

भाषा येत नसेल तर प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे शिकवतात. सगळ्यात मोठं केंद्र युटामधल्या प्रोव्हो शहरात आहे. जपानी शिकायला जेमतेम नऊ आठवडे मिळतात. नऊ आठवड्यांत जपानी येत नाही, हे सांगायला भाषातज्ज्ञ नको. त्यामुळे पहिले काही महिने हा मुलगा सोबत्याच्या शेजारी उभा राहून हसत मान डोलवत असतो आणि रात्री शब्दांच्या याद्या पाठ करत असतो. जपानचीच गोष्ट सांगायची तर १९०१ च्या ऑगस्टमध्ये चर्चचे नेते हिबर ग्रँट यांच्यासह योकोहामाला उतरलेल्या पहिल्या चौघांत आल्मा टेलर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो आठ वर्षांहून जास्त काळ तिथे राहिला, आणि त्याने केलेलं 'बुक ऑफ मॉर्मन' या चर्चच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालं. आज एवढा काळ कुणाला ठेवत नाहीत.

'दिवसभर दारं ठोठावायची, दुसरं काम काय'

दिवसाची शिस्त बऱ्याच वर्षांपासून ठरलेली आहे. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथांचा आणि भाषेचा अभ्यास. साधारण दहाच्या सुमारास बाहेर पडायचं आणि रात्री नऊ-साडेनऊला परत यायचं. साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून स्थानिक चालीरीतींप्रमाणे वेळा थोड्या मागेपुढे करायची मुभा मिळाली, पण ढाचा तोच. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही. फोन असतो, पण कामापुरता.

दिवसभर एकट्याने कुठेही जायचं नाही. सोबती कायम नजरेच्या टप्प्यात हवा, फक्त न्हाणीघरात सवलत. सोबती आपण निवडायचा नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात नवा सोबती येतो किंवा आपल्यालाच गाव बदलावं लागतं. समजा युटाच्या खेड्यातला एक मुलगा आणि मनिलाचा दुसरा, दोघांना एका खोलीत ठेवलं. एकाला भात तीन वेळा हवा, दुसऱ्याला एकदाही नको. एक पहाटे गातो, दुसरा सकाळी कुणाशी बोलत नाही. भांडण झालं तरी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची सोय नाही. मिशनहून परतलेल्या लोकांच्या आठवणी वाचल्या तर देवापेक्षा सोबत्यांबद्दलच जास्त लिहिलेलं सापडतं, आणि ते मला अगदी स्वाभाविक वाटतं.

दारं ठोठावणं असतंच, पण आता ते पूर्वीइतकं नाही. जपानमध्ये इंटरकॉमवरूनच नम्र नकार येतो, दार उघडतच नाही. त्यामुळे बराच वेळ समाजमाध्यमांवरून ओळखी करण्यात, जुन्या सदस्यांच्या घरी भेटी देण्यात आणि आठवड्यातले काही तास सेवाकार्यात जातो. इंग्रजी संभाषणाचे फुकट वर्ग जपानमध्ये आणि तैवानमध्ये ठिकठिकाणी चालतात. तिथे येणाऱ्या कित्येकांना धर्मात काडीचाही रस नसतो, आणि मिशनऱ्यांनाही ते ठाऊक असतं.

पाठ केलेलं बोलतात, हा आरोप मात्र एके काळी खरा होता. ठरलेले धडे शब्दशः पाठ करून म्हणायची पद्धत होती. २००४ मध्ये 'प्रीच माय गॉस्पेल' ही मार्गदर्शिका आली आणि आपल्या शब्दांत बोलायची मोकळीक मिळाली.

या सगळ्यात आठवड्याचा एक दिवस मोकळा असतो, बहुधा सोमवार. त्याला ते 'पी-डे' (प्रिपरेशन डे, म्हणजे तयारीचा दिवस) म्हणतात. तोही पूर्ण सुट्टीचा नाही, संध्याकाळपासून पुन्हा काम. पण सकाळी धुण्याचं मशीन लावायचं, पाच पांढरे शर्ट बाल्कनीत वाळत टाकायचे, सुपरमार्केटमधून आठवड्याचे तांदूळ, अंडी आणि सवलतीतलं चिकन आणायचं, सायकलची चेन साफ करायची आणि वेळ उरला तर बास्केटबॉल. जपानमधल्या मुलांना या दिवसाचा एक छोटा फायदा असा, की त्यांची सोमवारची सकाळ म्हणजे युटामधली रविवारची संध्याकाळ. घरचे सगळे चर्चहून येऊन एकत्र बसलेले असतात, त्यामुळे फोनवर सगळे एकदम भेटतात.

'घरच्यांशी बोलू देत नाहीत'

२०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत हे बरंचसं बरोबर होतं. आठवड्याला एक ईमेल करता यायचा, पण फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. हा बदल इतक्या उशिरा का झाला, हे मला कधीच पटलेलं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला परक्या देशात ताप आला असेल तर आईचा आवाज ऐकायला मातृदिनापर्यंत थांबायला लावण्यात श्रद्धेचं काय भलं होतं?

'गोड बोलून लोकांना बाटवतात'

महाराष्ट्रात हा विषय नाजूक आहे, म्हणून नीट पाहू. चर्चच्या नियमाप्रमाणे अल्पवयीन मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय आणि विवाहित व्यक्तीला जोडीदाराच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही. घेणाऱ्याने दारू, तंबाखू, चहा, कॉफी सोडायची आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असतो. म्हणजे इथे पैसे मिळत नाहीत, द्यावे लागतात. त्यांचा उद्देश धर्मप्रसार हाच आहे. तो ते लपवत नाहीत, बिल्ल्यावर चर्चचं नावच असतं. कुणाला हा उद्देशच मान्य नसेल, तर तो स्वतंत्र आणि रास्त मुद्दा आहे. पण आमिषाचा आरोप हा वेगळा आरोप आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

यशाचं म्हणाल तर २०२४ मध्ये जगभर सुमारे ३ लाख ८ हजार नव्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि वर्षअखेरीस मिशनरी होते सुमारे ७४ हजार. सरासरी माणशी चार. पण ही सरासरी आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेमुळे वर जाते. जपान किंवा पश्चिम युरोपात दोन वर्षं घालवून एक-दोन जणांच्या बाप्तिस्म्याला हजर राहिलेले, किंवा एकाही नाही, असे मिशनरी पुष्कळ भेटतात.

'सगळे गोरे अमेरिकन, आणि चार-चार बायका करणारे'

१९९६ पासून या चर्चचे अमेरिकेबाहेरचे सदस्य आतल्यांपेक्षा जास्त आहेत. ब्राझील, मेक्सिको, फिलिपिन्स इथून मोठ्या संख्येने मुलं जातात, आफ्रिकेतूनही जातात. अर्थात कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत याच चर्चने पुरोहितपद नाकारलं होतं. तो इतिहास पुसण्यासारखा नाही.

बहुपत्नीत्व एकोणिसाव्या शतकात होतं. १८९० मध्ये चर्चने ते बंद केल्याचं जाहीर केलं, आणि आज तसं करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकतात. बातम्यांत दिसतात ते फुटून निघालेले गट. रक्त घ्यायला नकार देणारे यहोवाचे साक्षीदारही वेगळे, आणि घोडागाडीतून फिरणारे आमिशही वेगळे. 'एल्डर' लिहिलेला बिल्ला पाहून कुणी वयस्कर धर्मगुरू समजू नये. हे पद अठराव्या वर्षी मिळतं. मुलींच्या बिल्ल्यावर 'सिस्टर' असतं, पण त्या जोगिणी नव्हेत. मिशन संपलं की बहुतेक जण कॉलेजला परततात आणि लग्न करतात. अमेरिकेतले राजकारणी मिट रॉम्नी याच मार्गाने साठच्या दशकात फ्रान्समध्ये होते.

'जबरदस्तीने पाठवलेली असतात'

सक्ती कुणावर नाही. न जाणारे मॉर्मन तरुण पुष्कळ आहेत. मुलींसाठी ही पूर्ण ऐच्छिक गोष्ट आहे, मुलांसाठी मात्र ते कर्तव्य मानलं जातं. आणि या कर्तव्याचं ओझं खरं आहे. गावातले सगळे जातात, आजोबा गेले होते, होणारी बायको विचारते. अशा वातावरणात 'मला जायचं नाही' म्हणायला धैर्य लागतं. त्याहून कठीण असतं ते मध्येच परत येणं. नैराश्याने, आजारपणाने किंवा मनच न लागल्याने जे लवकर घरी येतात, त्यांना विमानतळावर फुगे घेऊन कुणी उभं नसतं. मिशनरींसाठी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला आता उपलब्ध असतो, आजाऱ्यांना घराजवळ राहून सेवा करायचाही पर्याय आहे. तरीही परतल्यावर होणारी कुजबुज थांबलेली नाही. 'ब्रेनवॉश' या एका शब्दात हे सगळं गुंडाळलं, की ज्या मुलाला खरी मदत हवी तोच नेमका दिसेनासा होतो.

आपल्याकडे

मुंबई-पुण्याला हे लोक नवे नाहीत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत आला, तिथून पुण्याला गेला आणि त्याने एक छोटी शाखा उभी केली. त्याच दशकात तो प्रयत्न संपला. अलीकडच्या काळात बंगळुरूला १९९३ मध्ये मिशन सुरू झालं आणि २०१८ मध्ये तिथे मंदिर बांधायची घोषणा झाली. भारतीय तरुण-तरुणीही मिशनरी म्हणून काम करतात.

परदेशात असताना अशी जोडी दारात आलीच, तर स्पष्ट 'नको' पुरतं, वाद घालायची गरज नसते. पुन्हा येऊ नये असं वाटत असेल, तर तसं नोंदवून ठेवायला सांगा. घरात एकटी बाई असेल तर मुलांची जोडी आत येणार नाही, आणि एकटा पुरुष असेल तर मुलींची. हा त्यांचा नियम आहे, तो अपमान समजू नये. सायकलवरून आली असतील तर तहानलेली असतात. चहा-कॉफी विचारली तर नाही म्हणतील, जपानमध्ये हिरवा चहाही चालत नाही, पण जवापासून केलेला गार 'मुगिचा' चालतो. आपल्या घरी लिंबू सरबत किंवा ताक द्यावं.